गाडी बसली

शेवटचा बोल्ट आवळून झाल्यावर दातांचे डॉक्टर गाडीखालून सवयीने म्हणाले, "झालं. आता चूळ भरा."

"कोणी, गाडीने?" बाहेरून शिंप्याने विचारलं. गायनमास्तर नुसतेच हसले.

घरामागच्या शेडमधली ती दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार डॉक्टरांनी जुनीच घेतली होती आणि गेले कित्येक रविवार हे तिघे मित्र तिला नवी करत होते. शिंप्याने सीटना कव्हरं शिवली. गायनमास्तरांनी बरेच सायलेन्सर ऐकून नाकारले आणि 'याचा खर्ज भरदार आहे' म्हणत एक पसंत केला. गाडीच्या पोटाखालचं सगळं काम मात्र डॉक्टरांनी एकट्याने केलं होतं. आज त्यांनी आखूड स्प्रिंगा घालून गाडी जमिनीलगत आणली होती. शिंप्याने टेप लावून पाहिली. "दोन इंच आत घेतलीय. अंगासरशी बसली."

संध्याकाळी सासरे गाडी बघायला येणार होते. त्यांनी आयुष्यभर गॅरेज चालवलं होतं. जावयाचे हात दाढा उपटण्यापुरतेच, असं त्यांचं मत होतं आणि जेवायला बसले की ते हे मत वाढून घेत. आज त्यांना एकही चूक सापडू नये, एवढंच डॉक्टरांना हवं होतं. बायको त्यांना आणायला माहेरी गेली होती. जाताना "काम झालं की कळवा" म्हणाली होती.

डॉक्टरांचे हात ग्रीसने माखलेले. ते खालूनच म्हणाले, "हिला कळव रे."

शिंप्याने कळवलं, 'वहिनी, गाडी बसली. डॉक्टर खाली आहेत.'

डॉक्टर बाहेर सरकले आणि मास्तरांनी लगेच इंजिन चालू केलं. शेडचे पत्रे थरथरले. माहेराहून एकामागून एक फोन आले, पण त्या खर्जापुढे एकही ऐकू गेला नाही.

थोड्याच वेळात फाटकाशी क्रेन येऊन थांबली. क्रेनवाला सासऱ्यांच्या शेजारीच राहायचा. सासऱ्यांनी हातात पहार घेऊन खाली उडी मारली.

"कुठे अडकलेत?"

"कोण?" डॉक्टरांनी हात पुसत विचारलं.

मागून बायको उतरली. तिने नवऱ्याला नखशिखान्त पाहिलं. "तुम्ही खाली होतात ना?"

"होतो. मग वर आलो."

"आणि गाडी बसली म्हणजे?"

"झकास बसली, वहिनी," शिंपी म्हणाला. "कुठे झोळ नाही, काही नाही."

"भावजी, रस्ताभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. यापुढे तुम्ही फक्त मापं लिहायची."

सासऱ्यांनी पहार क्रेनवाल्याच्या हाती परत दिली. "म्हणजे गाडी चालतेय तर." त्यांच्या स्वरात किंचित निराशा होती.

"चालवूनच दाखवतो, नाना," डॉक्टर म्हणाले.

क्रेन बाजूला झाली. गाडी ऐटीत निघाली. फाटकात सिमेंटचा उंचवटा होता. त्यावरून ती नेहमी जायची, पण तेव्हा ती दोन इंच उंच होती. पुढची चाकं पलीकडे उतरली आणि खर्र करून पोट टेकलं. मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली.

"आवाज छान लागलाय," मास्तर डोळे मिटून म्हणाले.

"आता खरी बसली," शिंपी पुटपुटला.

डॉक्टर खाली उतरले. त्यांची मान वर होईना. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर मात्र तजेला आला. "क्रेन आलीच आहे," असं म्हणून त्यांनी चाकांना पट्टे बांधून घेतले. "घे वर. अजून. हं, थांब."

गाडी हवेत लटकली. आता क्रेन वळेल आणि गाडी रस्त्यावर उतरेल, असं डॉक्टरांना वाटलं. पण सासऱ्यांनी टॉर्च मागितला आणि वाकून खालून उजेड मारला. एकेक बोल्ट पाहिला. पाइप हलवून पाहिले, ते हलले नाहीत. क्रेनवाल्याकडून पहार पुन्हा घेऊन तिच्या टोकाने एक सांधा ठोकून त्याचा आवाज ऐकला. बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. तेल नव्हतं. मग ते दुसऱ्या बाजूने पुन्हा सुरू झाले. आपल्या खुर्चीत आ वासून पडलेल्या पेशंटला काय वाटत असेल, ते डॉक्टरांना आज पहिल्यांदा कळलं.

"हे कोणी केलं?"

"मी."

"एकट्याने?"

"हो."

सासऱ्यांनी खिशातून फोन काढला. "कुठे आहेस? गॅरेजमधली सगळी जुनी मंडळी घेऊन ये. जावयाची गाडी दाखवायचीय. नाही, चालत नाहीये. टांगलीय. अरे, खालूनच तर बघायचीय."

मंडळी आली. मंडळींमागून शेजारी आले, शेजाऱ्यांमागून रस्त्याने जाणारेही थांबले. सासरे टॉर्चने एकेक सांधा दाखवत होते आणि प्रत्येक सांध्यागणिक "आमचे जावई" म्हणत होते. शिंप्याने सीटकव्हरांचा विषय दोनदा काढून पाहिला. कोणी लक्ष दिलं नाही.

"नाना, उतरवायची का आता?" डॉक्टरांनी हळूच विचारलं. "लोक जमलेत."

"जमू देत की." सासऱ्यांनी क्रेनवाल्याला हात केला. "अजून हातभर वर घे रे. मागच्यांना दिसत नाहीये."