चार वाजताचा चोर

पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकायला लोकांना वर्ष लागतं, मला दोन आठवडे लागले! लगेच मी घरच्या कॉम्प्युटरसाठी एक स्क्रिप्ट लिहिली आणि तिचं नाव ठेवलं 'शिस्त'. ठरल्या वेळी शिस्त पडद्यावर सगळ्या खिडक्या उघडून आपापल्या जागी बसवायची: पहिल्या वर्कस्पेसवर, म्हणजे पडद्याच्या पहिल्या कप्प्यावर, अभ्यास, दुसऱ्यावर गाणी, तिसऱ्यावर माझी डायरी. मग जादा तास सुरू झाले, घरी यायला सहा वाजू लागले आणि शिस्तीला मी साफ विसरले.

महिन्याभराने सहज पाहिलं, तर डायरीच्या फाइलवर लिहिलेलं, 'शेवटची उघडली : आज, चार वाजता'. दुसऱ्या दिवशीही चारच! चोर शोधायलाच हवा होता. कारण त्या डायरीत एक गोष्ट होती. ती फुटली, तर माझं काही खरं नव्हतं.

"दादा, चार वाजता कुठे असतोस?"

"झोपलेला असतो. का?"

साळसूद! आईला विचारलं, तर ती म्हणाली, "मला स्वतःचे कागद वाचायला वेळ नाही, तुझे कधी वाचू?" म्हणजे नक्की वाचत असणार! मी कीबोर्डवर एक केस आडवा ठेवून गेले. संध्याकाळी फाइल उघडलेली, केस मात्र जागच्या जागी! चोर भलताच मुरलेला होता.

शेवटी रविवारी, चारला पाच कमी असताना, मी दादा, आई आणि बाबा अशा तिघांना कॉम्प्युटरसमोर रांगेत बसवलं.

"चोर याच खोलीत आहे!" मी गरजले. "बघू आज कसा वाचतो ते!"

"मग आम्ही नुसतं बसायचं?" बाबा म्हणाले.

"हलायचं नाही!"

चार वाजले. कुणी बोट लावलं नाही, तरी पडद्यावर पटापट खिडक्या उघडल्या. अभ्यास. गाणी. आणि सगळ्यांत पुढे, पडदाभर, डायरीचं शेवटचं पान! आत्ता मला शिस्त आठवली. मी माउसवर झेप घेतली, पण बाबांनी मनगट धरलं.

"हलायचं नाही," ते म्हणाले, आणि मोठ्याने वाचू लागले, "'आजही दादा चालतच गेला. वाईट वाटतं. पण बाबांच्या चष्म्यावर मीच बसले होते हे सांगितलं, तर त्याच्याऐवजी माझी सायकल जप्त होईल.'"

दादा शांतपणे उठला आणि त्याने सायकलच्या किल्लीसाठी आईपुढे हात पसरला. माझी किल्ली कुणी मागितलीसुद्धा नाही. मीच आणून दिली.

आणि हो, अक्षरं एवढी मोठी मीच ठेवली होती. बाबांना ती चष्म्याशिवायही वाचता आली असती!