मधल्या फुलाचे मणी

नानांना मणी ओवायला बसवावं ही कल्पना माईंची, आणि ती सुचली केवळ स्वयंपाकघर वाचवण्यासाठी.

नाना एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्तीनंतर स्टोअर त्यांच्या ताब्यातून गेलं, पण अंगातून गेलं नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी ओट्यावरचे सगळे डबे उंचीप्रमाणे लावले, दुसऱ्या आठवड्यात वापराप्रमाणे, आणि तिसऱ्या आठवड्यात माईंनी चहात मीठ घातलं. त्या दिवसापासून नानांना ओट्याच्या अलीकडे थांबायचा हुकूम झाला. पण बाहेरच्या खोलीत रोज तेच वर्तमानपत्र तीन तीनदा वाचणारा नवरा माईंना बघवेना. आपण आता घरात कुणाच्या उपयोगाचे नाही, हे नानांच्या मनाला फार लागलं होतं, आणि ते त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

माईंचा त्या वेळी टेबलक्लॉथ चालला होता. क्रोशाचे चौकोनी तुकडे विणायचे आणि ते एकमेकांना जोडत न्यायचे. तुकडे सगळे तयार होते. राहिलं होतं मधलं मोठं मोटिफ, मण्यांचं फूल. आत पिवळे मणी, त्याभोवती लाल पाकळ्या, कडेला हिरवी पानं. रविवारी आक्का यायच्या आत ते पुरं व्हायला हवं होतं.

आक्का म्हणजे माईंची थोरली बहीण. माईंच्या हातात पहिली सुई दिली ती आक्कांनी, आणि त्यानंतर माईंनी विणलेल्या प्रत्येक वस्तूत चूक काढली तीही आक्कांनीच. स्वेटर दाखवला, तर "छान आहे, पण खांदा उतरलाय." पिशवी दाखवली, तर "छान आहे, पण बंद ओढून काढलेत." बाळासाठी टोपरं विणलं तेव्हा आक्का म्हणाल्या, "छान आहे, पण माप कुणाच्या डोक्याचं घेतलंस?" माईंना आता नातवंडं झाली होती. तरी एकदा, आयुष्यात फक्त एकदा, आक्कांनी "छान" म्हणावं आणि तिथेच थांबावं, एवढी एक इच्छा राहून गेली होती.

"अहो, एवढे मणी ओवून द्याल का?" माईंनी विचारलं. "विणताना मणी मधे घालता येत नाहीत. सुरुवात करायच्या आधीच सगळे दोऱ्यात ओवून ठेवावे लागतात."

नानांनी वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं. कित्येक दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर रंग चढला. "क्रम काय?"

"आधी पिवळे, मग लाल, मग हिरवे. आतून बाहेर."

नानांनी तीन वाट्या मागितल्या, टेबलावर पांढरं फडकं अंथरलं, दोऱ्याच्या टोकाला मेण लावून ते ताठ केलं आणि कामाला लागले. स्टोअरमध्ये त्यांचा आयुष्यभर एकच नियम होता: आधी आत आलेला माल आधी बाहेर. या नियमावर त्यांनी तीन मॅनेजर नमवले होते. पिवळे मणी आधी लागणार, म्हणून नानांनी पिवळे आधी ओवले. मग लाल, मग हिरवे. सगळा दोरा नीट गुंडाळून गोळा माईंच्या हातात दिला आणि म्हणाले, "घ्या. माल तयार आहे."

माईंनी विणायला घेतलं. पहिल्याच फेरीत हिरवा मणी आला. मग दुसरा हिरवा. मग तिसरा.

"अगं बाई," माई म्हणाल्या. "माझंच काहीतरी चुकलं." आणि त्यांनी उसवून टाकलं.

नाना त्यांच्याकडे बघत होते, आणि बघता बघता त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोरा हे काही स्टोअर नव्हे. बांगड्या हातात भरल्या की शेवटी घातलेली आधी निघते, तसाच प्रकार. पिवळे मणी आधी आत गेले म्हणजे ते सगळ्यात शेवटी बाहेर येणार. त्यांचा जन्माचा नियम या एका दोऱ्याने पार उलटा करून ठेवला होता.

आता खरं बोलावं, तर मिळालेलं एकमेव खातं जाणार. नानांनी तोंड बंद ठेवलं. मात्र उपाय त्यांना लगेच सुचला. मणी पुन्हा ओवायची गरजच नव्हती. गोळा सगळा उलगडून उलट्या बाजूने गुंडाळला की आतलं टोक बाहेर येईल आणि पिवळे मणी पुढे. दुसऱ्या दिवशी सकाळी माई भाजी आणायला गेल्या तेव्हा नानांनी दार लावून घेतलं आणि अख्खा गोळा उलटा गुंडाळला. मग हात धुतले आणि समाधानाने वर्तमानपत्र उघडलं. दुपारी झोपही छान लागली.

संध्याकाळी माई परत विणायला बसल्या. नाना मुद्दाम समोरच्या खुर्चीत येऊन बसले.

पहिला मणी आला. हिरवा.

नानांचे डोळे विस्फारले. त्यांनी माईंकडे पाहिलं. माईंनी मण्याकडे पाहिलं, मग नानांकडे पाहिलं, आणि कसंबसं हसल्या.

"जमतंय ना?" नानांनी विचारलं.

"हो, जमतंय की," माई म्हणाल्या आणि दुसरा हिरवा मणी घातला.

त्यानंतर जे झालं ते केवळ सभ्यतेमुळे झालं. नानांना ओरडावंसं वाटत होतं की थांब, हे चुकतंय. पण ते सांगायचं तर तुम्हाला कसं कळलं, हा प्रश्न आलाच. माई नुसत्या विणत होत्या. हिरवं मधोमध पसरत गेलं, लाल पाकळ्या त्याला येऊन चिकटल्या, आणि दोघंही एकमेकांकडे बघून मान डोलावत राहिले. शेवटी कडेला पानांच्या जागी पिवळे मणी उमटायला लागले तेव्हा माईंच्या हातातली सुई थांबली.

"असं कसं होईल?" त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "मी तर गोळा उलटा गुंडाळला होता."

"तू?" नाना ताडकन उठले. "कधी?"

"दुपारी. तुम्ही झोपला होतात तेव्हा." माईंनी जीभ चावली. "मला कालच कळलं होतं हो. पण तुम्ही एवढ्या हौसेने ओवले होते. म्हटलं, कशाला सांगायचं."

"अगं, पण मी सकाळीच उलटा केला होता!"

उलट्याचं उलट म्हणजे सुलट हे दोघांच्याही लक्षात एकदमच आलं. आधी नाना हसले. मग माई हसल्या, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. नानांनी धावत जाऊन पाणी आणलं, तेही थेट ओट्यावरून, आणि कुणी हरकत घेतली नाही.

"उद्या सबंध दिवस आहे हातात," माई डोळे पुसत म्हणाल्या. "उसवते आणि सकाळी पुन्हा घेते. आक्का परवा येणार. होईल तोवर." मधे कसं दिसतंय ते बघायला म्हणून त्यांनी ते उलटंपालटं फूल टेबलक्लॉथच्या मध्यभागी चार टाके घालून अडकवलं.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

दारात आक्का उभ्या होत्या. शेजाऱ्यांची गाडी इकडेच येत होती म्हणून दोन दिवस आधी निघाल्या होत्या. त्या हळूहळू आत आल्या, खुर्चीच्या पाठीला धरून बसल्या, आणि टेबलावर हात टेकला तो नेमका टेबलक्लॉथवर.

"हेच का ते नवीन?" त्यांनी कापड उचलून डोळ्यांजवळ नेलं.

माईंनी नानांचा दंड घट्ट धरला. चूक काढायची तर यापेक्षा मोठी चूक मिळणं कठीण होतं. पिवळी पानं आणि हिरवा गाभा असलेलं फूल आक्कांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

"छान झालंय गं," आक्का म्हणाल्या.

माई "पण"ची वाट बघत उभ्या राहिल्या. "पण" आलाच नाही. आक्कांनी कापड खाली ठेवलं आणि विचारलं, "चहा टाकतेस ना?"

स्वयंपाकघरात गेल्यावर माईंनी गॅस पेटवला आणि तशाच उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तिला काहीतरी झालंय."

"अगं, छान म्हणाल्या ना?" नाना कुजबुजले. "तेच हवं होतं ना तुला? जन्मभर?"

"पिवळ्या पानांना छान म्हणाली! आक्का! अहो, माझ्या लग्नात मी बोहल्यावर उभी असताना या बाईने माझ्या रुमालाच्या कडेतला सुटलेला टाका दाखवला होता!"

माई तरातरा बाहेर आल्या आणि टेबलक्लॉथ आक्कांच्या मांडीवर ठेवला. "आक्का, नीट बघ ना जरा. मधे काय दिसतंय तुला?"

"फूल आहे की."

"कुठल्या रंगाचं?"

आक्का कापडाची किनार बोटांत फिरवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "दोन महिने झाले, सगळं दुधातून बघितल्यासारखं दिसतंय. सोमवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे, इथल्याच हॉस्पिटलात. म्हणून आले. तुला सांगणारच होते. पण म्हटलं, माझ्याच हाताखाली शिकलेली, हिला काय म्हणून सांगू, की मला आता टाका दिसत नाही?"

माई तिथेच जमिनीवर बसल्या आणि त्यांनी आक्कांचे दोन्ही हात हातात घेतले. इतकी वर्षं ज्या नजरेचा धाक वाटला, ती नजरच गेली तर आपण विणायचं कुणासाठी, असं त्यांना वाटून गेलं. "छान" हा शब्द इतका वाईट लागेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

आक्कांनी एक हात सोडवून घेतला. सवयीने तो मधल्या फुलावरून फिरला. एका पाकळीशी बोट थांबलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं.

"इथे खांबाचा एक टाका कमी घातलायस."

"कुठे?"

"या पाकळीला. बाकीच्यांत बघ आणि इथे बघ."

माईंनी मोजलं. परत मोजलं. मग एकदम ओरडल्या, "आहे! अहो, चूक आहे! खरंच एक खांब कमी आहे!" आणि रडत हसत त्यांनी आक्कांच्या गळ्यात हात टाकले. चूक निघाली म्हणून इतकं आनंदलेलं माणूस नानांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

"सोड गं, चष्मा पडेल," आक्का म्हणाल्या, पण त्यांनाही बरं वाटत होतं हे दिसत होतं. बोट मात्र अजून फुलावरून फिरतच होतं. "आणि हे मणी कुणी ओवले?"

नाना ऑडिट आल्यासारखे ताठ उभे राहिले. "मी. वाकडे होते ते आधीच नापास केले होते."

आक्कांनी शेवटच्या मण्यापर्यंत बोट नेलं. "छान ओवलेत," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या.

माई हळूहळू मागे वळल्या आणि त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं की नाना एक पाऊल मागे सरकले.

"तिला दिसत नाहीये," माई म्हणाल्या. "सोमवारनंतर परत विचारू."

नाना चहा आणायला आत निघून गेले. आक्कांचं ऑपरेशन नीट पार पडावं असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. फक्त त्या हॉस्पिटलातून इथे परतायच्या आत तो टेबलक्लॉथ कपाटात सगळ्यात खाली कसा जाईल, याचा विचार त्यांनी आतापासूनच सुरू केला होता.