रखमाजीचं लांबलेलं मरण

एका जंगलात, बाळांनो, रखमाजी नावाचं गिधाड राहत होतं. मेलेलं खाऊन रान स्वच्छ ठेवायचं, हे त्याचं काम. स्वच्छ रान सगळ्यांनाच हवं होतं, पण पंगत बसली की गिधाडांची पानं लांब, बोरीच्या झाडामागे मांडत. का, ते विचारू नका. मोठे झालात की तुम्हीही मांडाल.

त्याच्या बायकोने, तानूबाईने, नुकतंच अंडं घातलं होतं. तेवढ्यात कोल्हेसाहेब दारात आले. ते आपल्या त्या जुन्या महाकाव्यावर टीव्हीची मालिका काढत होते. राक्षस राणीला पळवून नेतो, एक म्हातारा पक्षी त्याला आडवा जातो आणि पंख छाटले जाऊन मरतो, ठाऊक आहे ना तुम्हाला? त्या पक्ष्याचं काम रखमाजीला मिळालं.

"एका भागात लढायचं, दुसऱ्यात मरायचं," कोल्हेसाहेब म्हणाले. "अंडं फुटायच्या आत घरी."

रखमाजी लढला आणि पडला. सारं जंगल आंघोळ करून, टीव्हीला झेंडूची माळ घालून बसलं होतं. ते ढसाढसा रडलं.

दुसऱ्या दिवशी कोल्हेसाहेब म्हणाले, "इतक्यात मरू नका. लोक रडताहेत तोवर साबणाच्या जाहिराती येताहेत."

मग रखमाजी नुसता पडून राहिला. त्याने उसासा टाकला की वीज कडाडे. मग रडणारं अस्वल दिसे, रडणारं वानर दिसे, पुन्हा अस्वल दिसे. तेवढ्यात भाग संपे.

एक दिवस शेजारचा काशा कावळा निरोप घेऊन आला. "रखमाजी, अंडं फुटलं रे! पोरगा झाला. मान अगदी तुझीच."

रखमाजीने कोल्हेसाहेबांचे पाय धरले. "साहेब, मला मारा हो. पोराचं तोंड बघायचंय."

"त्यागाची भूमिका आहे तुमची," साहेब म्हणाले. "थोडा त्याग करा की."

शेवटी साबणवाले दुसऱ्या मालिकेकडे वळले आणि रखमाजीला एकदाचं मरू दिलं. त्यानंतरही काही दिवस त्याला प्रेत म्हणून पडून राहावं लागलं. सुटका झाली तसा तो घराकडे निघाला.

वाटेत नदीकाठी गर्दी दिसली, तसा तो एका झाडाआड थांबला. जंगल त्याचाच दहावा घालत होतं. पिंड मांडला होता आणि काशा काही त्याला शिवत नव्हता. कसा शिवेल? रखमाजी जिवंत आहे, हे त्याला ठाऊक होतं. पण त्याला कुणी विचारलंच नाही.

"त्यांची काही इच्छा राहिली असेल," सांबरकाका म्हणाले आणि पिंडापुढे मान लववून मोठ्याने बोलले, "महाराज, तुमच्या पोराला आम्ही पंगतीत पहिल्या पानावर बसवू!"

रखमाजी झाडामागून पुढे येणार होता. त्याने पाय उचललाही होता. तो त्याने मागे घेतला. गर्दीत पुढे बसलेल्या तानूबाईच्या पंखाखालचं पोर त्याने तेवढ्यात डोळे भरून पाहून घेतलं. काशाची आणि त्याची नजरानजर झाली. रखमाजीने होकाराची मान हलवली.

काशा पिंडाला शिवला. सगळे जेवायला मोकळे झाले.

आता पोर पहिल्या पानावर जेवतं. लांबचे एक काका अधूनमधून येतात आणि बोरीमागे बसतात.

"काका, तुम्ही तिकडे का बसता?" पोराने एकदा विचारलं.

"मी अजून मेलो नाही ना, बाळा," काका म्हणाले. "जेव तू."

तात्पर्य : पंगतीत मान हवा असेल, तर टीव्हीवर मरावं. आणि मेल्यावर घरी परत येऊन पोराला भरल्या पानावरून उठवू नये.