मोरेसाहेबांची अट

आमच्या मजल्यावरच्या मोरेसाहेबांच्या दारावर पाटी आहे: ‘जर काम असेल तर बेल वाजवा, नाहीतर परत जा.’ वॉचमन म्हणतो, “साब, आधे लोग तो बोर्ड पढ़के ही लौट जाते हैं.”

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर मोरे कॉम्प्युटर शिकले, तेही लिनक्स. तेव्हापासून त्यांचं बोलणं जर-तरवर चालतं. मला म्हणतात, “जर दूध असेल तर चहा, नाहीतर लिंबाचा.” भाजीवालीला, “जर कालची असेल तर निम्म्या भावात दे, नाहीतर उचल टोपली.” ती टोपली उचलत नाही. “ताजी हाय ओ आजोबा!” म्हणून दारातच बसते.

मी सोसायटीचा खजिनदार. मेंटेनन्सची बिलं त्यांच्याकडे छापतो. मशीन सुरू झालं की पडद्यावर पहिली ओळ उमटते: ‘टपाल नाही.’ हा प्रोग्रॅम मोरेंनीच लिहिलेला. मशीनने सुरू होताच केबलवाल्याची इंटरनेट लाईन बघायची. चालू असेल तर टपाल, म्हणजे ई-मेल, आणायचं, नसेल तर ‘टपाल नाही’ म्हणायचं.

टपाल यायचं होतं एकीचंच. त्यांच्या मुलीने, अश्विनीने, परस्पर लग्न केलं आणि ती सिंगापूरला गेली. मोरेंनी तिला बजावलं होतं, “फोन करायचा नाही. जर लिहावंसं वाटलं तर मेल कर.” मला म्हणाले, “जर ती लिहील, तर मी लिहीन.” वर्ष होत आलं. ‘टपाल नाही’ वाचून ते म्हणायचे, “हट्टी आहे. आईवर गेलीय.” कोणावर गेलीय ते अख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं. त्या ओळीनंतर मात्र लिंबाचा चहासुद्धा मिळायचा नाही.

एकदा केबिन रोडला खोदकामात केबल तुटली. टीव्ही बंद, इंटरनेट बंद. मालिका बुडाल्या म्हणून आमची ही केबलवाल्याशी भांडायला गेली आणि मी बिलं घेऊन मोरेंकडे. मशीन सुरू झालं. ‘टपाल आणतोय…’

“मोरेसाहेब, केबल तुटलीय. हा कुठून आणतोय?”

“जर तुम्हाला लिनक्स कळत असेल तर बोला, नाहीतर…”

“मला हिशेब कळतो. लाईन असली की टपाल नाही, आणि लाईन नसताना आणायला निघालाय. उलटं नाही का हे?”

मोरेंनी फाईल उघडली. ‘लाईन असेल तर’च्या जागी ‘लाईन नसेल तर’ अशी अट पडली होती. लिहिल्यापासून एकदाही तपासली नव्हती. “ज्यांचा स्वतःवर भरवसा नसतो ते तपासतात,” हे त्यांचंच वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. चेहरा बघून गिळलं.

दुसऱ्या दिवशी केबल जोडली गेली आणि मोरेंनी आमची बेल वाजवली. “जरा येऊन बसता?” एवढंच म्हणाले.

पडद्यावर अश्विनीची पत्रं एकाखाली एक उतरत होती. नवं घर. नवऱ्याचा शहाणपणा. वरणात हिंग नेमका कधी घालायचा? राग अजून आहे का? शेवटच्या पत्रात दोनच ओळी होत्या: ‘बाबा, जर राग गेला असेल तर लिहा. गेला नसेल तरी लिहा.’

“हिला अट घालता येत नाही,” मोरे म्हणाले. चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि फोन ओढून नंबर फिरवला. नंबर पाठ होता.

“अश्विनी? हिंग फोडणीत घालायचा.” बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले. मग म्हणाले, “दोघंही या.”

‘जर’ कधी येतो म्हणून मी वाट बघत होतो. आला नाही.