फाटकापाशी थांबलेला ठिपका

विनाचालक मोटारींच्या योजनेत रेल्वेच्या फाटकांपाशी मोटारींनी कसं वागायचं ते ठरवायचं काम ज्या साहेबांकडे होतं, त्यांना कचेरीत पाठीमागे सगळे 'सर्वज्ञ' म्हणत. साहेबांच्या कानावर ते गेलं होतं. त्यांना ती स्तुतीच वाटली!

पाहणीच्या दिवशी फाटकवाल्याने बापड्याने सुचवून पाहिलं, "साहेब, पडलेलं फाटक गाडी फलाटावरून सुटेपर्यंत उघडत नाही. लोक इथेच उतरतात आणि पुलावरून पलीकडे जाऊन गाडी पकडतात. मोटारीची दारं तेवढी उघडी राहू द्या."

साहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू दांडा वर-खाली कर. डोकं चालवायला आम्ही आहोत." आणि कचेरीत येऊन मुद्दाम नियम घातला: फाटक बंद, तर मोटारीची दारंही बंद. रस्त्यात उतरायची ही गावंढळ सवय मोडायलाच हवी होती म्हणे.

मग तो दिवस उजाडला. बारा वाजता राजधानीत मंडळापुढे योजना मांडायची आणि मुख्य नियोजकाची खुर्ची पटकावायची. गाडी सव्वानऊची. लवकर निघा म्हणून बायकोने दोनदा बजावलं, पण मोटारीने मिनिटामिनिटाचा हिशेब केलाय म्हणत साहेब ऐटीत बसले.

नऊ वाजून चार मिनिटांनी फाटक पडलं. मोटार अदबीने थांबली. खट्कन दारांची कुलपं लागली. समोर फलाटावर साहेबांची गाडी येऊन उभी राहिली, डबा नंबरसुद्धा वाचता येत होता. साहेबांनी बटणं दाबली, काचा बडवल्या, मोटारीला शिव्या घातल्या. फाटकवाला धावत आला, बाहेरून दार ओढून दमला.

"नियम कुणी केलाय हो हा?" त्याने काचेतून विचारलं. साहेबांना एकाएकी काही ऐकू येईना.

गाडी सुटली. फाटक उघडलं. मोटारीने गोड आवाजात सुखरूप प्रवासाच्या शुभेच्छा दिल्या.

बारा वाजता साहेबांच्या जागी, आधीच राजधानीत पोचलेल्या त्यांच्या हाताखालच्या बाईंनी योजना मांडली, ती साहेब घरी मोबाइलवर बघत होते. बाईंनी त्याच सकाळची नोंद पडद्यावर लावली होती: फाटक आणि त्यापाशी एक ठिपका.

"बारा मिनिटं मोटार जागची हलली नाही," बाई म्हणाल्या, "आणि आतला माणूस एकदाही खाली उतरला नाही."

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. योजना मंजूर झाली आणि खुर्ची बाईंना मिळाली.

बायको खांद्यावरून डोकावली. "अहो, हा ठिपका म्हणजे तुम्हीच ना?"

साहेबांनी मोबाइल पालथा घातला. टाळ्या तरीही ऐकू येतच होत्या.