चष्मेवाल्यांनी गाडीचे डोळे तपासले

"माणसाचा डोळा कळला की जगातला कुठलाही डोळा कळतो!" चष्मेवाल्यांनी सकाळच्या चहाबरोबर जाहीर केलं, आणि त्यांच्या बायकोने कपाळाला हात लावला. चष्मेवाले असं काही जाहीर करत, तेव्हा घरातली एक तरी वस्तू कामातून जात असे. मागच्या वेळी मिक्सर गेला होता. बिचारा नुसता आवाज करत होता हो, बाकी धडधाकट होता!

या वेळचा डोळा गाडीचा होता. उडालेल्या खड्याने पुढची काच फुटली म्हणून नवी बसवली होती. त्या काचेच्या आतून एक कॅमेरा रस्ता बघतो. पट्टे बघतो, माणसं बघतो, आणि वेळ आली तर चालवणाऱ्याला न विचारता ब्रेकही मारतो. काच बदलली की त्याची नजर नव्याने जुळवावी लागते. गॅरेजवाला म्हणाला, "गुरुवारी आणा." आणि लेक तर आजच दुपारच्या बसने निघणार होती! दूरच्या शहरात, पहिल्या नोकरीवर. तिला बस स्थानकावर आपणच सोडायचं, असं चष्मेवाल्यांनी कधीचं ठरवून ठेवलं होतं.

"बाबा, ते कॅमेऱ्याचं बंद ठेवा ना," लेक म्हणाली. "आधीच्या गाडीला कुठे होता?"

"आंधळ्या गाडीत बसवून पाठवू तुला? मी? चष्मेवाला?"



खरं सांगायचं तर लेक जाणार या विचाराने त्यांना आठवडाभर सारखं भरून येत होतं. पण चष्मेवाल्यांना रडता येत नसे. रडू आलं की ते काहीतरी दुरुस्त करायला घेत.

काच बसवणारा त्यांचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्याकडून त्यांनी जुळणीचं यंत्र मागून आणलं, आणि काळ्यापांढऱ्या चौकोनांचा एक भला मोठा फळाही. तो फळा गाडीसमोर ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या उंचीवर धरायचा, म्हणजे कॅमेरा त्याच्याकडे बघून आपली नजर सरळ करून घेतो. भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावतात ना, तसंच! फक्त फळ्याचा स्टँड तेवढा काचवाल्याने दिला नव्हता.

"स्टँड कशाला? तू आहेस की!" चष्मेवाले लेकीला म्हणाले.

लेक आली. हातात तिचा चष्मा होता. "बाबा, आधी ही काडी घट्ट करून द्या ना. सारखी खाली घसरतेय."

"आधी हिचे डोळे, मग तुझे!" चष्मेवाल्यांनी चष्मे दुरुस्तीचा बारीक पेचकस कधीच कॅमेऱ्याच्या झाकणात खुपसला होता. लेकीने चष्मा तसाच नाकावर चढवला आणि फळा उचलला. फळा एवढा मोठा, की ती त्याच्यामागे पार नाहीशी झाली. खाली तेवढ्या चपला दिसत होत्या.

मग सुरू झालं. टेप लावून अंतर मोजलं. पाणसळ लावून फळा सरळ केला. "थोडा वर! एवढा नाही! आता खाली! श्वास हळू घे!" मग चष्मेवाले गाडीत बसले आणि सवयीने पडद्याला विचारते झाले, "आता बरं दिसतंय, की मघाशी दिसत होतं?"

पडद्यावर अक्षरं उमटली. समोर व्यक्ती आहे.

"व्यक्ती नाही, फळा आहे!" चष्मेवाले पडद्यावर खेकसले. मग खिडकीतून डोकं काढून लेकीवर खेकसले, "पाय लपव!"

"कुठे लपवू? बाबा, हात भरून आले."

"अगं, झालंच!"

झालंच नाही. दहाचे अकरा झाले. आतून आई दोनदा जेवायला बोलावून गेली. कॅमेरा पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता, समोर व्यक्ती आहे, आणि चष्मेवाले पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, नाही!

मधेच फळ्याच्या मागून बारीक आवाज आला. "बाबा, मला जरा भीती वाटतेय. तिथे कुणीच ओळखीचं नाही."

"वाटू दे, पण हात हलवू नकोस!"

त्यानंतर फळा हलला नाही. बोललाही नाही. आणि काय आश्चर्य, पडद्यावर हिरवी खूण आली. जुळणी पूर्ण! चष्मेवाल्यांनी टाळी वाजवली. फळ्यामागून लेक बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. चष्मेवाल्यांनी ते पाहिले, आणि उन्हात उभं राहून झाले असतील असं निदान केलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा!

चौघे निघाले. म्हणजे तिघे आणि लेकीची बॅग, कारण ती एका माणसाएवढी होती. पहिला चौक आला. रस्त्यावर पांढरे पट्टे होते. गाडीने ते पाहिले आणि अशी किंचाळून थांबली, की मागच्या सीटवरची बॅग आईच्या मानेवर येऊन बसली.

"अहो, काय झालं?"

"काही नाही. सावध आहे जरा."

पुढे विजेच्या खांबाची सावली आडवी पडली होती. गाडी थांबली. पुढे कुणीतरी पाणी सांडलं होतं. गाडी थांबली! तिला प्रत्येक पट्टा भिंतीसारखा आणि प्रत्येक सावली माणसासारखी दिसत होती. आणि मग एका सपाट रस्त्यावर, तिसऱ्या की चौथ्या धक्क्याला, चष्मेवाल्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. अंगण! पाणी साचू नये म्हणून गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून त्यांनी स्वतःच अंगणाला उतार काढून घेतला होता. फळा पाणसळीत सरळ, आणि गाडी उतारावर नाक खाली करून! नाचता येईना त्याचं अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते वाकडं करणारेही हेच होते.

"बाबा, आता तरी बंद करा ना ते," लेक म्हणाली. तिचं लक्ष घड्याळाकडे होतं.

"चालता चालता सुधारते ती नजर. पुढच्या चौकापर्यंत बघू." हरलो म्हणायला जीभ वळेना, दुसरं काय!

पुढच्या चौकात गाडी रस्त्याच्या मधोमध थांबली ती थांबलीच. मागचा टॅक्सीवाला खाली उतरून आला. "काका, जायचंय की इथेच राहायचंय?"

लेकीने विचारलं, "बस स्थानकावर सोडाल का?" आणि बघता बघता बॅग टॅक्सीत गेली. तिने आईला मिठी मारली. मग खिडकीशी वाकली. "येते हं, बाबा." चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला होता.

"अगं, थांब, आता जुळेल..." चष्मेवाले पडद्यावर बोट फिरवत म्हणाले. वर पाहिलं तेव्हा टॅक्सी वळणावर पोचली होती.

तेव्हा त्यांनी कॅमेऱ्याचं ते आपोआप ब्रेक मारणं बंद केलं. एक बटण होतं. दाबलं, झालं! गाडी शहाण्यासारखी चालायला लागली. पण ते स्थानकावर पोचले तेव्हा बसच्या जागी जमिनीवर तेवढा तेलाचा डाग होता.

चष्मेवाल्यांना सकाळपासूनचं आत्ता ऐकू यायला लागलं. बिचारा कॅमेरा सकाळभर खरं तेच सांगत होता.

फोन वाजला. लेक होती. "बसले मी. मिळाली बस."

"अजून भीती वाटतेय का गं?"

"तुम्ही ऐकलं होतं?"

"आत्ता ऐकलं," चष्मेवाले म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. या खेपेला दुरुस्तीला हाताशी काहीच नव्हतं. "चुकलं माझं. नुसता बसलो असतो तुझ्याशेजारी तरी चाललं असतं."

"असू दे हो बाबा," ती म्हणाली. तीही नाक ओढत होती. "आता कमी वाटतेय. पण चष्म्याची काडी निखळली. चिकटपट्टी लावलीये. उद्या ऑफिसात कुणी विचारलं, वडील काय करतात, तर काय सांगू?"

चष्मेवाल्यांनी खिसा चाचपला. पेचकस तिथेच होता.

"सांग," ते म्हणाले, "गाड्यांचे डोळे तपासतात."

बायकोने त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. "ए, ते तर मुळीच सांगू नकोस!"