पी. पी. म्हणजे पळापळ

गल्लीत फोन एकच होता आणि तो चन्नप्पांकडे होता. सुताचा व्यापार जोरात होता तेव्हा घेतलेला. पुढं व्यापार बसला, बायको गेली, एकुलता एक शिवयोगी बापाला न विचारता लग्न करून मुंबईला निघून गेला. फोन तेवढा राहिला. तो दिवसभर खणखणायचा, पण चन्नप्पांसाठी कधीच नाही.

सुरुवात केली शेजारच्या गुरप्पानं. नवी पेठेत त्याचं खणांचं एवढंसं दुकान. बिलावर फोन नंबर असला की दुकानाला वजन येतं, म्हणून त्यानं चन्नप्पांचा नंबर छापला आणि पुढं 'पी. पी.' असं टाकलं. चन्नप्पा बेसावधपणे "छाप की" म्हणून बसले होते. मग शिंप्यानं छापला, कंपाउंडरनं छापला, मास्तरांनी तर शिकवणीच्या पाटीवरच रंगवून घेतला.

"पी. पी. म्हंजे काय रं?" चन्नप्पांनी एकदा विचारलं.

"पर्टिक्युलर पर्सन," मास्तर म्हणाले. "ट्रंक कॉलचंही तसंच. ज्याचं नाव दिलंय तो माणूस आला तरच बोलणं, नाहीतर कॉल रद्द."

"कुणी सांगितलं? प्रायव्हेट पार्टी!" कंपाउंडर म्हणाला.

कोर्टात पट्टेवाला असलेल्या मायाप्पानं दोघांनाही उडवून लावलं. "पब्लिक प्रॉसिक्यूटर, सरकारी वकील! आमच्याकडं पी. पी. म्हटलं की आरोपी थरथर कापतो."

"कायबी न्हाय," चन्नप्पा धापा टाकत म्हणाले. "पी. पी. म्हंजे पळापळ!"

पळायचे तेच ना! जेवणाचं ताट सोडून, अंगाला साबण तसाच ठेवून, धोतराचा सोगा धरून ते गल्लीभर हाका मारत फिरायचे. तोंडानं शिव्यांची लाखोली चालू असायची, पण निरोप कधी चुकला नाही.

त्या दिवशी गुरप्पाचा जीव टांगणीला लागला होता. मुंबईचे पाहुणे त्याच्या मुलीला, हेमावतीला पाहून गेले होते आणि होकार-नकार फोनवर कळवणार होते. त्याच्यापेक्षा चन्नप्पांनाच जास्त घाई. सकाळपासून ते फोनशेजारी ठाण मांडून बसले होते.

फोन वाजला. एक्स्चेंजची बाई म्हणाली, "मुंबईहून पी. पी. कॉल आहे..."

पुढचं ऐकायला चन्नप्पा होते कुठं? रिसिव्हर टेबलावर टाकून ते दारात गेले. "गुरप्पा! पळ! मुंबई!" एवढ्यानं समाधान होईना. मुलीच्या आईनंही ऐकायला हवं म्हणून ते देवळात गेलेल्या रत्नम्माला आणायला थेट तिकडं सुटले.

गुरप्पानं धावत येऊन रिसिव्हर उचलला.

"चन्नप्पा बोलताय?"

"न्हाय, मी गुरप्पा. अण्णा बाहेर गेले की."

"चन्नप्पांच्याच नावानं कॉल आहे. माणूस नसेल तर रद्द करते."

लाइनवर तिच्या मागून एक पुरुषी आवाज आला, "अप्पा घरी न्हाईत व्हय?" तो आवाज गुरप्पानं लहानपणापासून ऐकलेला होता. "शिवयोगी! थांब, आलेच ते..." तो ओरडेपर्यंत लाइन तुटली.

रत्नम्माला घेऊन चन्नप्पा घामाघूम होऊन परतले. "जमलं का रं?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण गुरप्पाला ते जमलं नाही. "अण्णा, फोन तुमचा होता. शिवयोगीचा."

"माजा?" चन्नप्पा हसले. "माजा कसा येईल?" मग ते खुर्चीवर बसले आणि फोनकडं बघत राहिले. त्यांच्याकडं बघून रत्नम्माला रडू आवरेना. दिवे लागले तरी सगळी गल्ली तिथं बसून होती. शिवयोगीचा पत्ताही कुणाला ठाऊक नव्हता, आणि फोन पुन्हा वाजला नाही.

लाइन मोकळी राहावी म्हणून दुसऱ्या दिवशी गुरप्पानं बिलांवरचा नंबर खोडला. पाहुण्यांचा होकार पत्रानं दुकानाच्या पत्त्यावर आला. कंपाउंडरनं, शिंप्यानं नंबर काढून टाकला, मास्तरांनी पाटीवर रंग फासला. फोन गप्प झाला. आणि एका दुपारी चन्नप्पाच दुकानात आले.

"फोन बिघडला का काय रं? कुणाचाच येईना. जरा लावून बघ की."

ते घरी पोचले असतील असा अंदाज घेऊन गुरप्पा टपाल कचेरीत गेला. नंबर फिरवला. पहिल्याच घंटीला रिसिव्हर उचलला गेला.

"मी चन्नप्पा! मीच! मीच बोलतोय!" आवाज कापत होता. "शिव्या, तू हाईस का?"

लावून बघायला यांनीच सांगितलं होतं, आणि तरी...

"न्हाय अण्णा. मी... गुरप्पा."



"गुरप्पा व्हय?" चन्नप्पा हळूच म्हणाले. "थांबा हां, बोलावतो."

रिसिव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. चपला फटफटत दाराकडं गेल्या. मग लांबून, गल्लीतून हाक ऐकू आली, "गुरप्पा! ए गुरप्पा! पळ, तुजा फोन आलाय!"

फोनसाठी मागं उभा असलेला माणूस घाई करत होता. गुरप्पानं फोन ठेवला नाही.